घाणा आणि पाक : जत्रेच्या खाऊची प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या बहुतेक मोठ्या जत्रा कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या महिन्यांत भरतात. माळेगावचा खंडोबा मार्गशीर्षात, सारंगखेड्याचा एकमुखी दत्त दत्तजयंतीला, मांढरदेवची काळूबाई पौष पौर्णिमेला, कुणकेश्वर महाशिवरात्रीला, शिखर शिंगणापूर चैत्रात, शिरगावची लईराई वैशाख शुद्ध पंचमीला. खरिपाचे धान्य घरात आलेले असते, नदीला उतार मिळतो, गाडीवाट कोरडी असते. ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण याच काळात हवाही वर्षातली सर्वांत कोरडी असते. गोडी शेवेवरचा साखरेचा पांढरा थर आणि मालवणी खाज्यावरचे गुळाचे खरबरीत कवच या कोरड्या हवेच्या भरवशावर टिकतात. जुलैत मुंबईच्या स्वयंपाकघरात तीच कृती, तेच माप, तोच हात असला तरी शेव संध्याकाळपर्यंत चिकटते, आणि करणाऱ्याला वाटते की आपल्याला जमले नाही.

जत्रेचा खाऊ घरी करू पाहणाऱ्यांसाठी आणि त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. या दोघांत मी फरक करत नाही. हा खाऊ कढईशी उभे राहिल्याशिवाय समजत नाही, आणि तो असाच का झाला हे समजल्याशिवाय घरच्या कढईत उतरत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: जत्रेतले गोड तळण जत्रेच्या परिस्थितीने घडवले आहे. गर्दी, उघडी भट्टी, मोसम आणि घरापर्यंतची वाट या चार गोष्टींनी त्याची कृती ठरवली. घरी करताना यातले काय आपल्याकडे नाही हे ओळखून त्याची भरपाई करणे, ही या विषयाची खरी विद्या आहे.

या चारांपैकी वाटेचे महत्त्व मला सर्वांत जास्त वाटते. जत्रेत दोन तऱ्हेचे गोड तळण मिळते. एक तिथेच, उभ्या उभ्या, गरम खायचे. जिलेबी त्यातली राणी. दुसरे पुडीत बांधून घरी न्यायचे, जे जत्रेला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. गोडी शेव, खाजे, खडखडे लाडू हे या दुसऱ्या घराण्यातले. बैलगाडीच्या एका-दोन मुक्कामांत ते मऊ पडता कामा नये, पुडीत त्याचा गोळा होता कामा नये, आणि घरी म्हाताऱ्या आजीपासून शेजारच्या पोरापर्यंत मूठ-मूठ वाटता आले पाहिजे. म्हणून या पदार्थांत ओल ठेवलेली नाही. खवा नाही, दूध नाही, ओले खोबरे नाही. बेसनाचा खरपूस गाभा आणि त्याच्यावर पाण्याचा अंश जवळजवळ संपवलेल्या साखरेचे किंवा गुळाचे कवच. जत्रेच्या प्रसादाइतकाच हा खाऊही घरी परतण्यासाठी घडलेला आहे, आणि त्यात मला फार मोठी माया दिसते.

जिलेबीचे तसे नाही. ती वाट पाहत नाही. कडेला चुरचुरीत आणि आत रसाने भरलेली अशी तिची जी घटका असते ती फार लवकर सरते. म्हणून जिलेबीवाला मंदिराच्या वाटेवर, जिथे माणसांचा ओघ तुटत नाही अशा जागी भट्टी मांडतो. ही तऱ्हा आता जत्रेबाहेरही पसरली आहे. कोल्हापुरात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर घरोघरी जिलेबी नेली जाते, आणि त्या सकाळी चौकाचौकांत मांडव घालून भट्ट्या लागतात. देवाच्या जत्रेने घडवलेला पदार्थ राष्ट्राच्या सणाने इतक्या सहजपणे उचलावा, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

जिलेबीच्या इतिहासाचा पाया पुण्यात घातला गेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४३ साली भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावर लिहिताना जिलेबीला खास स्थान दिले. हस्तलिखितांत आयुष्य घालवलेल्या या माणसाने तळणीतल्या एका पदार्थासाठी पोथ्या चाळाव्यात, याचे मला आजही कौतुक वाटते. जिनसूर या जैन लेखकाच्या पंधराव्या शतकातल्या ‘प्रियंकरनृपकथे’त जिलेबी आहे, आणि सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहला’तही ती आहे. तिच्या पूर्वजांचा माग बगदादपर्यंत जातो. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने लिहिलेल्या पाकग्रंथात झुलाबिया तळून मधात बुडवलेली सापडते. तळून पाकात सोडण्याची कल्पना मात्र जिलेबीबरोबरच इथे आली असे समजू नये. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त नासवलेल्या दुधाच्या चोथ्यात तांदळाचे पीठ मिसळून, ते तळून साखरेत घालण्याची रीत सांगितली आहे.

हे सगळे राजाचे आणि पंडितांचे कागद. जत्रेतल्या पाटीवरचा खाऊ शोधायचा तर वेगळीकडे जावे लागते. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत जिल्ह्याजिल्ह्यांच्या जत्रांच्या याद्या आहेत: कोणत्या महिन्यात भरते, किती माणसे येतात, काय विकले जाते. १९६१च्या जनगणनेने महाराष्ट्रातल्या जत्रा-सणांवर वेगळा खंडच काढला. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबासारख्या लोकदेवतांचा जो शोध घेतला त्याने जत्रेचा देव आपल्याला कळला. देवळाच्या पायरीखाली भट्टी लावणाऱ्याकडे मात्र आपल्या विद्वत्तेचे लक्ष पुरेसे गेले नाही असे माझे मत आहे. त्याची विद्या लिहिलेली नाही. ती एका जत्रेतून दुसरीकडे टेम्पोत कढया भरून फिरते. गोव्यातले खाजेकार ही तशीच पिढीजात मंडळी आहेत. देवाची जत्रा असो की चर्चचे फेस्त, त्यांचे दुकान दोन्हीकडे लागते. तिथल्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले ही त्यांच्या हाताची उशिरा झालेली दखल. (बिहारातल्या सिलावचा आणि जगन्नाथपुरीचा पापुद्र्यांचा खाजा हा वेगळा पदार्थ आहे. आपले खाजे म्हणजे करंगळीएवढी बेसनाची कांडी, वर गूळ, आले आणि तीळ.)

आता पाकाकडे येऊ, कारण या विषयाचे मर्म तिथे आहे. नवखा माणूस तळणीला घाबरतो आणि पाक सहज घेतो. अनुभवी माणसाचे उलटे असते. पाक म्हणजे साखर आणि पाणी यांच्या प्रमाणाचा हिशेब. पाणी उडते तसा उकळबिंदू चढतो, म्हणून नुसत्या तापमानावरून आत किती पाणी उरले हे सांगता येते. एकतारी पाक १०५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. ११२च्या सुमारास वजनाचा साधारण पाचवा भाग पाणी उरते, १२२च्या सुमारास दहावा. बोटांच्या चिमटीत तार पाहणे, वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळते का, ती ताटलीवर आपटली तर वाजते का हे पाहणे, या सगळ्या खुणा तापमापी नसताना हाच हिशेब करण्याच्या आहेत. त्या अचूक आहेत. तापमापी घ्यावी, पण गोळीची खूण सोडू नये, कारण गुळात काय काय असते ते तापमापीला कळत नाही.

गोडी शेवेचा पाक गोळीबंद करून गॅस बंद करायचा, शेव घालायची आणि सतत हलवत राहायचे. हलवण्यामुळे साखरेचे बारीक स्फटिक सुटू लागतात, एका स्फटिकाच्या आधाराने दुसरा धरतो, आणि पाहता पाहता ओली चकचकीत शेव कोरडी, पांढरी, सुटी होते. ही दोन-तीन मिनिटे मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर वाटतात. जिलेबीच्या पाकाकडून आपल्याला नेमके उलटे हवे असते: तो तासन्‌तास पातळ आणि पारदर्शक राहिला पाहिजे. त्यासाठी त्यात लिंबू पिळतात. आम्लाने काही साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही मिसळ स्फटिक धरू देत नाही. म्हणजे लिंबाचा तोच रस एका कढईत उपकारक आणि दुसरीत घातक. जिलेबीचा पाक उरला म्हणून त्यात शेव घोळवणाऱ्याची शेव कधीच कोरडी होत नाही, त्याचे कारण हे.

गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मुळातच असते, म्हणून तो हवेतली ओल ओढतो. खाज्यासाठी चिक्कीचा गूळ घेऊ नये. त्याचे काचेसारखे चिकट कवच होते, ते दातांना धरते आणि दमट हवेत पाझरते. खाज्याला रवाळ बसणारा साधा गूळ हवा. थोड्या पाण्यात विरघळवून गाळायचा, गार पाण्यात घट्ट गोळी होईपर्यंत आटवायचा, मग आल्याचा रस किंवा सुंठ आणि तीळ घालून, गॅसवरून उतरवून, फिका आणि दाट होईपर्यंत घोटायचा. रस घातला तर पाणी वाढले हे लक्षात ठेवून पुन्हा क्षणभर आटवावे. घोटण्यात कंटाळा केला तर कवच चिकट राहते. कोकणची हवा हिवाळ्यातही पूर्ण कोरडी नसते. म्हणून तिथल्या खाज्यावरचा थर जाड असतो असे मला वाटते.

तळणीचे काम पाकाच्या आधी येते आणि पाकाचे यश त्याच्यावर ठरते. शेवेत पाणी राहिले तर ते बाहेर येऊन साखरेचा थर आतून विरघळवते. कढईत शेव सोडली की जो फेस उसळतो तो तेलाचा नसतो. पिठातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते. वाफेचा हा लोट तेलाला आत शिरू देत नाही. बुडबुडे विरळ होत आले, चुरचुर आवाज मंदावला, की पाणी संपत आले असे समजावे. रंगावर भरवसा ठेवू नये. मोठ्या आचेवर करंगळीएवढे खाजे बाहेरून बदामी होते आणि आत ओले राहते. १६० अंशांच्या आसपास, सावकाश, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत. तेल जास्त करून पदार्थात शिरते ते कढईतून बाहेर काढल्यावर, आतली वाफ निवून पोकळी पडते तेव्हा. म्हणून झाऱ्यावर घेतलेला घाणा कढईच्या काठाशी गरम असतानाच नीट निथळू द्यावा.

इथे घराचा आणि जत्रेचा फरक आडवा येतो. जत्रेतल्या कढईत इतके तेल असते की पसाभर शेव पडली तरी त्याचा ताव हलत नाही. घरच्या अर्धा लिटर तेलात तेवढीच शेव टाकली तर तेल एकदम निवते, वाफेचा जोर जातो, आणि शेव तेल पिते. यावर मोठी ज्योत हा उपाय नाही. घाणा लहान करावा, कढई जाड बुडाची घ्यावी, आणि दोन घाण्यांमध्ये तेलाला पुन्हा तापू द्यावे. लहान घाण्याने वेळ लागतो. तो लागू द्यावा.

जिलेबीचे तळण वेगळे आहे. तिला खोल गोल कढई चालत नाही. तिथे वेटोळे मध्याकडे सरकते आणि एकमेकांत अडकते. जिलेबीवाले वापरतात ती तई सपाट बुडाची आणि उथळ असते. घरी पसरट तव्यात बोट-सव्वा बोट तेल पुरते. मैद्याचे पीठ दह्याने किंवा आदल्या दिवसाच्या पिठाने रात्रभर आंबवायचे, थंडीत आणखी जास्त वेळ. आंबवणातले जिवाणू आंबटपणा आणतात, यीस्टमुळे वायू धरतो. ते पीठ तापलेल्या तेलात पडताच बाहेरची भिंत घट्ट होते, आतला वायू आणि वाफ फुगतात, आणि वेटोळ्याची पोकळ नळी बनते. तेलातून काढून लगेच कोमट पाकात टाकली की आतली वाफ निवते आणि नळी पाक ओढून घेते. पाक उकळता असेल तर भिंत मऊ पडते, गार असेल तर तो आत जात नाही. सोडा घालून तासाभरात केलेले पीठ फुगते, हे खरे. पण गोडाखाली जी आंबूस चव जिलेबीला जिवंत ठेवते ती त्यात येत नाही, आणि मी ती सोडायला तयार नाही. वेटोळे पाडायला मधोमध भोक शिवलेले जाड कापड घ्यावे. भोक पाडलेली करवंटीही चालते.

तेलाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. शेंगदाण्याचे तेल या कामाला उत्तम आहे. मुंबईत शिवडीला १९३२ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाल्यावर हलवायांच्या कढईत डालडा आला, आणि तो राहिला याला कारण होते: घरातल्या तापमानाला तो थिजतो, म्हणून तळलेला पदार्थ कोरडा दिसतो आणि हाताला तेल लागत नाही. ती कोरडी चमक घरी तेलात मिळणार नाही, आणि तिच्यामागे लागूही नये. अशा तुपातल्या ट्रान्स मेदाची मर्यादा २०२२ पासून २ टक्क्यांवर आणावी लागली ती उगाच नव्हे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलावरही २०१८ पासून बंधन आहे. त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरता येत नाही. घरी ती मोजता येत नाहीत, पण काळवंडलेले, दाट झालेले, तापताच फेसणारे तेल ओळखता येते. रंगाचेही तसेच. मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग खाण्यात घालायला बंदी आहे, तरी पिवळ्याजर्द जिलेबीत आणि शेवेत तो सापडत आला आहे. परवानगी असलेल्या रंगांनाही किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. घरी केशराच्या चार काड्या पुरतात, किंवा काहीच घालू नये. आंबवलेल्या पिठाची जिलेबी स्वतःच सोनेरी होते.

आणि सुरक्षितता. उकळता पाक हा तेलाहून अधिक दगाबाज असतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. मुलांना शेव हलवायला द्यावी, पण साखर सुटून कोरडी झाल्यावरच. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नये. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे. कढईजवळ तसे झाकण आधीच काढून ठेवावे, शोधायची वेळ येऊ देऊ नये.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात गोडी शेवेपासून करावी. पाव किलो बेसन, दोन चमचे कडकडीत मोहन, चिमूटभर मीठ. पीठ सोऱ्यातून सहज उतरेल इतपत मळलेले. जाड शेवेची ताटली. तळून पूर्ण निवल्यावर २०० ग्रॅम साखर आणि ८० मिलिलिटर पाणी यांचा पाक. शेव गरम असताना पाकात टाकली तर तिची उरलेली वाफ पाकातच जाते. पहिल्या वेळी गोळी मऊ वाटली तर पुढच्या वेळी पाक थोडा पुढे न्यावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे: महिना, हवा, गुळाचा किंवा साखरेचा प्रकार, पाकाची खूण. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले आणि मराठी स्वयंपाकाचे फार मोठे काम केले, जत्रेच्या खाऊला त्या मापांच्या जोडीला मोसमाचीही नोंद हवी. शेव जमली की खाजे, आणि हात पाकाला सरावला की जिलेबी.

त्यानंतर जत्रेला जावे. ऐन दर्शनाच्या गर्दीत भट्टीवाल्याला काही विचारू नये. ओघ ओसरला, त्याने कढईवरून मान वर केली, की आधी पाव किलो खाऊ विकत घ्यावा आणि मग विचारावे: गूळ कुठला आणता, पाक कोणत्या खुणेवर उतरवता, पावसाळ्यात हे करता का, आणि हे तुम्हाला कोणी शिकवले. उत्तर त्याच्याच शब्दांत, गावाच्या आणि जत्रेच्या नावासकट वहीत उतरवावे, आणि त्याची परवानगी असेल तर त्याचे नावही.